मणिबेली ते नरिमन पॉइंट : सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला निघण्यापूर्वी

महाराष्ट्राच्या नकाशावर सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सभागृहापासून सर्वांत दूरचे गाव कोणते? किलोमीटर मोजले तर गडचिरोलीकडचे एखादे गाव पुढे जाईल. वाटेचा हिशेब केला तर मात्र बोट नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीवर ठेवायला हरकत नाही. या धाग्यात तिथून निघून मुंबईच्या नरिमन पॉइंटपर्यंत जायचे आहे. धागा लांब आहे, कारण या वाटेवर पोर्तुगीज गोव्यातील चर्चच्या शाळा, धोबी तलावाच्या खोल्या, आकाशवाणीची धून आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण कक्ष लागतात.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातील पहिले गाव म्हणून त्याची इतिहासात नोंद आहे. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा पुरवणे थांबवावे, अशी मागणी जगभरच्या संघटनांनी १९९४ साली एका जाहीरनाम्याद्वारे केली. त्याला नाव दिले गेले ते या गावाचे : मणिबेली जाहीरनामा. वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांना ठाऊक झालेले हे गाव मुंबईतील बहुतेकांना आजही ठाऊक नाही.

या भागाला सामूहिक वादन नवे नाही. याच तालुक्यातील काठी येथे राजवाडी होळी भरते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे आपापले ढोल घेऊन येतात. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले नर्तक, रात्रभर चाललेला फेर आणि पहाटे पेटणारी होळी. शेकडो माणसे एका ठेक्यात वाजवत असतात आणि त्यांच्यासमोर एकही कागद नसतो. त्यांच्यापुढे छडी घेऊन उभा राहणारा कोणी नसतो. ‘ऑर्केस्ट्रा म्हणजे पुष्कळ वाद्ये एकत्र वाजणे’ ही व्याख्या घेतली, तर काठीची होळी त्यात सहज बसते.

मग सिम्फनी ऑर्केस्ट्रा वेगळा कशाने ठरतो? कागदाने. सत्तर-ऐंशी वादक बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त त्याच्या वाद्यापुरते लिहिलेले संगीत असते. ओबो वाजवणाऱ्याला चेलोचा कागद दिसत नाही. सगळ्यांचे एकत्रित लेखन एकाच माणसापुढे असते, तो म्हणजे संचालक. म्हणूनच तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असतो. ही सारी व्यवस्था वाचता येण्यावर उभी आहे. त्यामुळे या विषयाच्या इतिहासकाराने ‘कोणी वाजवले’ याच्याही आधी ‘वाचायला कोणाला शिकवले गेले’ असे विचारायला हवे.

पश्चिम भारतात या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर गोव्यात मिळते. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा निघाल्या. तिथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचणे, सोल्फेजो म्हणणे आणि व्हायोलिन धरणे शिकवले जाई. शिकवणाऱ्याला ‘मेस्त्री’ म्हणत. हेतू धार्मिक होता, चर्चला गायक-वादक हवे होते. मात्र पिढ्यानपिढ्या चाललेल्या या शिक्षणातून असा वर्ग तयार झाला, जो जमिनीवर नव्हे तर पाच रेघांच्या कागदावर पोट भरू शकत होता. गोव्यात रोजगार थोडा होता. हे वादक संस्थानिकांच्या बँडमध्ये, लष्करी आणि पोलीस बँडमध्ये, मूकपटांच्या पडद्याखाली आणि हॉटेलांच्या नृत्यगृहांत पोहोचले. मुंबईत त्यांचे ठाणे होते धोबी तलाव. गोव्यातील एकेका गावाने तिथे आपल्या लोकांसाठी चालवलेल्या सामायिक निवासांना ‘कूड’ म्हणत. खलाशी, आचारी आणि वादक एकाच खोलीत ट्रंका ठेवून राहत. वाद्ये आणि स्वरलेखनाचे कागद विकणारे फुर्तादो यांचे दुकान १८६५ पासूनचे, तेही याच परिसरातले.

मुंबईतील पाश्चात्त्य संगीताचा इतिहास सांगताना बहुधा पारशी घराण्यांपासून सुरुवात होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. १९३५ साली मेहली मेहता यांनी ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, हा या शहरातील महत्त्वाचा टप्पा खरा. मेहता स्वतः व्हायोलिनवादक होते. त्यांच्या वाद्यवृंदात हौशी पारशी होते, युरोपीय होते आणि पोटासाठी वाजवणारे गोवेकर होते. फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादकांची मदत घ्यावी लागे. हौशी माणूस संध्याकाळच्या तालमीला आनंदाने येई. व्यावसायिक वादकाला त्याच संध्याकाळी हॉटेलात हजेरी लावायची असे. एका मंचावर बसलेल्या या दोन वर्गांकडे लक्ष दिल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही.

याच काळात मुंबईत आणखी एक माणूस येऊन पोहोचला होता. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, बोहेमियातील कार्ल्सबाडचा. युरोपात ज्यूंना दिवस वाईट येऊ लागल्यावर १९३४ मध्ये तो मुंबईस आला. मेहली मेहता आणि इतर सहकाऱ्यांसह त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ चालवली. १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीच्या सुरुवातीला वाजणारी, तंबोऱ्यावर व्हायोलिनने उलगडणारी ती धून ऐकली नाही असा मराठी माणूस एका पिढीपूर्वी सापडला नसता. तिचे श्रेय या कॉफमनला दिले जाते. ती शिवरंजनीच्या अंगाने जाते. पहाटे रेडिओ लावणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्यातील शिक्षकाच्या घरात एका निर्वासित ज्यू संगीतकाराचे स्वर वर्षानुवर्षे वाजत राहिले. ते कोणाचे आहेत, हे त्या घरात कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

१९४७ नंतर चित्र झपाट्याने पालटले. ब्रिटिश अधिकारी आणि त्यांचे बँड गेले. निर्वासित युरोपीय पुढच्या देशांना गेले. कॉफमन १९४६ मध्येच निघाला होता आणि पुढे कॅनडात विनिपेगच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा संचालक झाला. मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि हॉटेलांच्या नृत्यगृहांचा धंदा बसला. मेहली मेहता १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला गेले. त्यांचा मुलगा झुबिन त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, वैद्यकाचा नाद सोडून व्हिएन्नाला गेला होता. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल या तिन्ही ठिकाणचे मोठे वाद्यवृंद त्याच्या हाती आले, ही कथा सर्वपरिचित आहे. मुंबईतून बाहेर पडलेल्यांची ही बाजू नेहमी सांगितली जाते. बाहेर पडू न शकलेल्यांचे काय झाले, ते अधिक बोलके आहे.

ते दादर, अंधेरी, ताडदेवच्या ध्वनिमुद्रण कक्षांत गेले. हिंदी चित्रपटसृष्टीला नेमक्या याच वेळी मोठ्या वाद्यवृंदाची भूक लागली होती. मराठी बाजूने पाहिले तर तिची चाहूल आधीच लागलेली दिसते. केशवराव भोळे यांनी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला आणि त्यानंतर ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देताना साथीची जुनी चौकट सैल केली होती. पण शंभर वादकांचा ताफा ही पन्नाशीच्या दशकातील मुंबईची निर्मिती. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती ऐकून कोणत्या ओळीवर व्हायोलिने चढतील, कुठे ट्रम्पेट येईल, खालून चेलो काय म्हणेल, हे कागदावर उतरवणारा माणूस ‘अरेंजर’ असे. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकोलेट या नावाने ओळखला जाणारा अँतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड ही त्यांतली काही नावे. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक येई. अरेंजरचे आले तर ‘सहायक’ म्हणून, आणि वादकांची नावे येण्याचा प्रश्नच नव्हता. तबकडीवर तर जागाच नव्हती.

या अंधारात बसलेल्या एका माणसाने १९५८ साली जे केले, ते या धाग्याचे केंद्र आहे.

अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गाव माजोर्डा, दक्षिण गोवा. वडिलांकडून आणि चर्चच्या परंपरेतून संगीत शिकलेला हा मुलगा वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत आला आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागला. इतर गोवेकरांप्रमाणे तोही अरेंजर झाला. त्याचे वेगळेपण असे, की त्याला रागसंगीताने ओढून घेतले. दिवसा चित्रपटांचे काम आणि उरलेल्या वेळात राग समजून घेणे असा त्याचा क्रम होता. त्याच्या शिष्यांत एक लहान मुलगा होता, ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मांचा मुलगा प्यारेलाल. राहुलदेव बर्मनही त्याच्याकडे शिकला.

गोन्साल्विसने ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ या नावाने १९५८ मध्ये सुमारे ११० वादक जमवले. स्थळ सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे प्रांगण, धोबी तलावाला लागूनच. चार वर्षांपूर्वी याच महाविद्यालयातील झुबिन मेहता नावाचा विद्यार्थी व्हिएन्नाला गेला होता. गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. सादर झाल्या त्या रचना गोन्साल्विसने स्वतः लिहिलेल्या. ‘सोनातिना इंदियाना’ आणि ‘राग सारंगमधील कंचेर्तो’ ही त्याच्या रचनांची नावेच त्याचा हेतू सांगतात. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चालींमागे वाजवणारे हात त्या संध्याकाळी पहिल्यांदा आपल्यातल्याच एकाने लिहिलेले संगीत उघड्यावर, लोकांसमोर वाजवत होते. ज्या गोव्यातून यांतले कित्येक आले होते, तो तेव्हा परकीय राजवटीखाली होता. तो मुक्त व्हायला अजून तीन वर्षे होती.

त्याच्यापुढचा पेच समजून घेण्यासारखा आहे, कारण तो केवळ भावनेचा नव्हता. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा पाया स्वरमेळ हा आहे, म्हणजे एकाच क्षणी तीन-चार स्वर एकत्र वाजणे. सर्वांत मूलभूत स्वरमेळ म्हणजे सा-ग-प. आता सारंगाचा सर्वांत प्रचलित प्रकार, वृंदावनी सारंग, पाहा. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य आहेत. म्हणजे सा-ग-प उभाच करता येत नाही. तो उभा केला की राग मोडला. म-ध-सा हाही त्याच कारणाने बाद. नियमात बसणारा एखादाच उरतो, उदाहरणार्थ प-नि-रे. घराच्या चार खांबांपैकी तीन काढून घेतले आणि वर छप्पर चढवायला सांगितले, अशी ही अवस्था. मालकंस किंवा भूप घेतला तर खांब बदलतात, अडचण तीच राहते. ‘व्हायोलिनांचा ताफा घेऊन भारतीय चाल वाजवणे’ आणि ‘रागात सिम्फनी लिहिणे’ या दोन गोष्टींमध्ये इतके अंतर आहे. पहिले काम चित्रपटांत रोज होत होते. दुसऱ्याला हात घालणारे थोडे होते आणि त्याला पैसा देणारे त्याहून थोडे.

त्या ऑर्केस्ट्राला स्थिर आयुष्य लाभले नाही. शंभर वादकांची तालीम म्हणजे शंभर जणांची बुडालेली मजुरी. राजाश्रय संपला होता, सरकारी आश्रय हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताकडे वळला होता, आणि मुंबईच्या धनिकांना ऐकायचे होते ते बेथोव्हेन. गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. पुढे परतला तो चित्रपटसृष्टीत नव्हे, माजोर्ड्याला. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ बच्चन ज्या नावाने ओळख करून देतो, ते नाव म्हणजे प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली आदरांजली होती. देशभर ते नाव लोकांच्या तोंडी बसले. खुद्द त्या नावाचा माणूस मात्र गोव्यात जवळजवळ अज्ञात राहिला. २०१२ च्या जानेवारीत त्याचे निधन झाले.

आता प्रवासाकडे. मणिबेलीचा किंवा अक्कलकुव्याचा कोणी तरुण आज सिम्फनी ऐकायला निघाला, तर त्याला नंदुरबार स्थानक गाठावे लागेल. तिथून सुरतकडून मुंबईला जाणारी गाडी, आणि पुढे चर्चगेटहून नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत चालत जाता येते. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’चे संकुल तिथे आहे. ते समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभे आहे. पाणी हटवून जमीन आणि जमिनीवर पाणी, या वाटेची दोन टोके अशी आहेत. संकुलातील जमशेद भाभा नाट्यगृह १९९९ मध्ये खुले झाले. बांधकाम चालू असताना त्याला आग लागली होती, ते पुन्हा उभारावे लागले.

इथेच २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेन्गालिएव यांनी ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. त्याचे हंगाम साधारणतः वर्षातून दोनदा होतात, एक फेब्रुवारीच्या आसपास आणि एक सप्टेंबरच्या. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून रेल्वेचे आरक्षण तारखा जाहीर झाल्यावरच करावे. वादकांत कझाकस्तान आणि इतर देशांतून आलेल्यांचा वाटा मोठा राहिला आहे. ज्या शहरात शंभर वाचणारे हात १९५८ मध्ये एका हाकेवर जमत होते, त्या शहराला अर्ध्या शतकानंतर ते बाहेरून आणावे लागले! कारण उघड आहे. सिंथेसायझर आला, ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलली आणि चित्रपटांचे ताफे विसर्जित झाले. पुढच्या पिढीने व्हायोलिन हाती घेण्याचे कारण उरले नाही. ही पोकळी भरण्यासाठी संस्थेने २०१२ पासून मुलांची संगीत प्रबोधिनीही चालवली आहे.

तिकीट काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : महागडी जागा म्हणजे उत्तम जागा असे इथे नेहमी नसते. पुढच्या रांगेत जवळची व्हायोलिने बाकी सर्वांना झाकून टाकतात. वरच्या सज्जातून वादकांची सगळी मांडणी दिसते आणि आवाज मिसळून वर येतो. विद्यार्थ्याच्या खिशालाही तेच झेपते. वेळेआधी पोहोचावे, वादन सुरू झाल्यावर दारे बंद होतात.

सुरुवातीला ओबोवादक एक लांब स्वर धरतो आणि सगळे त्याला आपापली वाद्ये जुळवतात. तो स्वर आज जगात बहुतेक ठिकाणी सेकंदाला ४४० कंपनांच्या जवळपास असतो. हा आकडा १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरला. त्यापूर्वी शहरागणिक सूर वेगळा असे. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याला सोसेल तो षड्ज धरतो. तिथे ऐंशी जणांना एकच षड्ज मान्य करावा लागतो, त्यासाठी परिषद भरवावी लागली.

टाळ्यांचा धाक नवख्याला सर्वांत जास्त असतो. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात. भाग संपला की शांतता होते आणि त्या शांततेत टाळी वाजवली तर आजूबाजूचे वळून पाहतात. हा नियम सनातन असल्यासारखा सांगितला जातो, पण तसा तो नाही. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टची सिम्फनी वाजली, तेव्हा लोकांनी भाग चालू असतानाच टाळ्या दिल्या. मोझार्टने आनंदाने वडिलांना तसे लिहून कळवले आणि कार्यक्रमानंतर जाऊन आइस्क्रीम खाल्ले, हेही कळवले. समेवर दाद देणारा आपला श्रोता त्या सभागृहात मुळीच परका ठरला नसता. अंधार, मौन आणि शेवटपर्यंत राखून ठेवलेली टाळी ही सारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी रुजलेली शिस्त. १८७६ मध्ये बायरॉइटच्या नाट्यगृहात वाग्नरने प्रेक्षागृह अंधारात बुडवले, तो तिचा एक ठळक टप्पा. नियम पाळावा, त्यात शेजाऱ्याचा मान आहे. तो न कळल्याबद्दल लाज मात्र वाटून घेऊ नये.

कार्यक्रम निवडायचा झाल्यास नव्या श्रोत्याने एखाद्या भारतीय वाद्याचा समावेश असलेली संध्याकाळ शोधावी. झाकिर हुसेन यांनी तबला आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली ‘पेशकार’ ही रचना याच वाद्यवृंदाने २०१५ मध्ये प्रथम सादर केली आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात तिकडच्या श्रोत्यांनाही ऐकवली. लिहिलेला कागद आणि न लिहिलेला ताल एकमेकांशी कसे जुळवून घेतात, हे त्यात कानांना स्पष्ट कळते. ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला ते ऐंशी जणांतल्या कित्येकांपेक्षा आधी कळेल.

सिम्फनीच्या कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावे वाद्यानुसार छापण्याची पद्धत आहे : पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, व्हायोला, चेलो, अगदी त्रिकोण वाजवणाऱ्यापर्यंत. दिवे मंद होण्यापूर्वी ती यादी एकदा सावकाश वाचून घ्यावी.